पेव

हरिपूरला, कृष्णेत वारणा मिसळते तिथे,
सर्वपित्रीला सकाळी सातलाच गर्दी होती.
स्कूटरी पिंपळाखाली. दर्भ, तीळ,
प्लॅस्टिकच्या पिशवीत भाताचे गोळे.
गुरुजींनी विचारलं, वडील?
श्रीपती.
आजोबा?
ज्ञानू.
पणजोबा?
खंडू, असं सातबाऱ्यावर आहे.
आणि पणजी?
मी पाण्याकडे बघत राहिलो.
असू द्या, गुरुजी म्हणाले, त्यांना कळतं.

मुलीचं नाव त्या यादीत कुठेच बसत नव्हतं.
बारा वर्षांची. आणि बापानं लेकीला पाणी द्यायचं, हे उलटं.
गुरुजी भला माणूस. म्हणाले, शेवटची ओंजळ
ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी असते,
त्यात मनातल्या मनात घ्या नाव.
पण तिचं कोणी नाही, असं मी कसं म्हणू?

आमची माणसं पेवातली.
खंडू हळदीच्या पेवात उतरायचा.
वरून बघाल तर माणूस मावेल एवढंच तोंड,
खाली वीस-पंचवीस फूट मातीचं पोट,
शेणानं सारवलेलं.
हळद तिथं वर्षानुवर्षं निजायची, कीड लागायची नाही.
झाकण काढल्याबरोबर कोणी आत जात नसे.
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे.
विझला, की सगळे मागे सरून तंबाखू मळत बसायचे.
पुन्हा सोडायचे.
पुन्हा विझला, पुन्हा तंबाखू.
जळत राहिला तरच माणूस उतरायचा.
हे मला वडिलांनी सांगितलं, त्यांना ज्ञानूनं.
पुढं महापुराचं पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली.
आता त्यातल्या एका तोंडावर कुणाची तरी तुळस आहे.

मिरजेच्या दवाखान्यात नऊ दिवस.
त्यानंतर चौदा महिने मी देव्हाऱ्याशी गेलो नाही असं नाही,
गेलो.
पण हात जोडले की पहिलाच शब्द विझायचा.
मग मी टेरेसवर जाऊन टाकीचं पाणी बघायचो.

आज ओंजळ भरली आणि मी देवाशी नाही,
खंडूशी बोललो.

म्हटलं, आजोबा,
पूर्वा नावाची पोरगी आलीय तुमच्याकडं.
खूण सांगतो. डाव्या गुडघ्यावर वण आहे,
सायकलवरून पडली तेव्हाचा.
तिच्या आईनं दाबलेली हळद तुम्हाला वासानं कळेल.
वांगं खात नाही, जबरदस्ती करू नका.
हिशोबात पक्की आहे, पोत्यांचा आकडा विचारून बघा.
अंधाराला भिते.
लाईट गेली की माझा शर्ट धरून उभी राहायची,
सोड म्हटलं तरी सोडायची नाही.
तुम्हाला सवय आहे काळोखात उतरायची,
तिला नाही.
तिच्यापुढं व्हा.

आणि पणजी,
तुझं नाव मला ठाऊक नाही, माफ कर.
तिच्या दोन वेण्या घाल.
आवळून घाल, नाहीतर दुपारपर्यंत सुटतात.

बोलता बोलता पाणी बोटांतून निघून गेलं होतं,
गुरुजी शेजारच्या पाटाकडे वळले होते.
मी रिकामी ओंजळ तशीच धरून बसलो,
आणि मला उशिरा लक्षात आलं,
इतकं सगळं बोलून झालं, मध्ये कुठेच विझलं नाही.

घरी आलो. ही वड्यांचं पीठ कालवत होती.
वर न बघता म्हणाली, काय सांगितलंत?
म्हटलं, वेण्यांचं.
तिचा हात पिठात थांबला.
रिबिनी निळ्या लागतात, ते?
ते राहिलं.

संध्याकाळी घाट रिकामा होता.
भाताचे गोळे नेलेले, पाट उचललेले.
ती शेवटच्या पायरीवर बसली,
पाण्याकडे वाकून हळूच काहीतरी सांगू लागली,
बराच वेळ, निळ्या रिबिनींपेक्षा जास्त.
मी ऐकलं नाही.
दोन पायऱ्या वर उभा होतो,
मुठी आवळून,
वरून दोरी धरलेल्या माणसासारखा.